जिना हलत होता असे ती म्हणाली

माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य निघताक्षणी ओलं असतं. त्याला आवाज असतो, राग असतो, पुष्कळदा थुंकीही असते. असं ओलं वाक्य जसंच्या तसं उचलून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवणं हा वाक्याचा अपमान आहे आणि टेबलाचाही. ते आधी वाळवावं लागतं. ही गोष्ट जगातल्या सगळ्या कार्यालयांना मनातून ठाऊक आहे. पण तिची रीतसर व्यवस्था लावण्याचा मान आमच्या इमारत देखभाल खात्याकडे जातो, आणि त्या व्यवस्थेचा प्रमुख कारकून या नात्याने थोडासा माझ्याकडेही. (‘थोडासा’ हा शब्द विनयाने घातला आहे.)

पूर्वी आमच्याकडे फार अंदाधुंदी होती. खात्याच्या इमारतींतले भाडेकरू येत, खिडकीशी उभे राहून काय वाटेल ते बोलत, आणि आम्ही ते वेड्यासारखं अवतरणचिन्हांत लिहून घेत असू. मग खात्याची वार्षिक बैठक आली. मोठे साहेब अध्यक्ष होते. नमुन्यादाखल एक तक्रार वाचून दाखवावी असं ठरलं आणि आमचे साहेब उभे राहिले. साहेबांनी कॉलेजात असताना नाटकांत कामं केलेली. त्यांनी घसा साफ केला, समोर बघितलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “तुम्ही नुसत्या खुर्च्या गरम करता. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?”

मोठे साहेब सकाळपासून खुर्चीत बसूनच होते. त्यांनी नकळत खुर्चीला हात लावून बघितला. ती गरम निघाली.

“सर, हे मी नाही म्हणत,” साहेब घाईघाईने म्हणाले, “एक भाडेकरू म्हणतोय.”

“मग तो म्हणाला, असं म्हणा ना!” मोठे साहेब कडाडले. “तुम्ही काय माझ्याकडे बघून म्हणताय?”

या एका वाक्यावर आमचा कथन-रूपांतर कक्ष उभा आहे. यापुढे कोणाचंही वाक्य अवतरणचिन्हांत वर जाणार नाही, ते अप्रत्यक्ष करूनच पाठवायचं, असा आदेश दुसऱ्याच दिवशी निघाला. एरवी खात्यात आदेश निघायला किती वेळ लागतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यावरून कामाची निकड कळेल.

आता प्रश्न तज्ज्ञाचा. डायरेक्ट-इनडायरेक्ट हा विषय आम्ही सगळेच शाळेत शिकलो होतो, आणि शाळा सुटल्याबरोबर तिथेच ठेवून आलो होतो. तेव्हा साहेबांना दॅटसर आठवले. दॅटसर म्हणजे आमच्या शाळेचे इंग्रजीचे सर. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी इंग्रजी शिकवलं, आणि त्या दोन्ही पिढ्यांना इंग्रजीतला ‘दॅट’ हा एकच शब्द खात्रीने येतो. सर निवृत्त होऊन घरी बसले होते. घरात त्यांच्याशी थेट बोलणं बायकोने कधीच सोडलं होतं. “बाबांना म्हणावं, पान वाढलंय,” असं ती भिंतीकडे बघून मुलीला सांगे, आणि सर त्यातल्या व्याकरणावर खूश होऊन जेवायला उठत.

सर आले आणि त्यांनी खात्याच्या सभागृहात वर्ग सुरू केला. साहेबांसकट आम्ही सगळे बाकांवर.

“सेड टू म्हणजे काय?” सर विचारत.

“टोल्ड!” आम्ही ओरडत असू.

“शाबास! मग कॉमा काढा. बाईच्या कानातली डुलं काढावीत तशी अवतरणचिन्हं अलगद काढा. दॅट घाला. नाऊचं?”

“देन!”

“हिअरचं?”

“देअर!”

“आणि काळ? काळाचं काय करायचं?”

इथे सगळे शेजाऱ्याच्या वहीत डोकावत. मग सर खडूने फळ्यावर पायऱ्या काढत आणि सांगत, “प्रत्येक काळाने एक पायरी खाली उतरायचं. आहेचं होतं. येईनचं येणार होतो. लक्षात ठेवा, वाक्य कितीही अंगावर आलं, तरी काळ एक पायरी खाली उतरवला की ते शांत होतं.”

आमच्या टायपिस्ट ताईंनी एकदा हात वर केला होता. “सर, पण मराठीत काळ बदलत नाही ना? ‘भिंत पडतेय असं तो म्हणाला’ एवढंच म्हणतो आपण. त्याने म्हटलं म्हणून काही भिंत पडायची थांबत नाही.”

“म्हणूनच तर मराठीत इतक्या तक्रारी होतात,” सर शांतपणे म्हणाले. ताईंची नंतर टपाल विभागात बदली झाली. तिथे त्या पाकिटांना तिकिटं चिकटवतात. त्या कामात काळ बदलावा लागत नाही.

सरांच्या मार्गदर्शनाखाली कक्षाने जे नियम केले, त्यांपैकी मुख्य असे:

एक. ‘आज’ असेल तिथे ‘त्या दिवशी’, ‘आत्ता’ असेल तिथे ‘तेव्हा’ आणि ‘इथे’ असेल तिथे ‘तिथे’ लिहावे. (‘तिथे’ म्हणजे नेमके कुठे, हे विचारण्याची पद्धत नाही.)

दोन. ‘या’ असे कोणी म्हटल्यास ‘जाण्याची विनंती केली’ असे लिहावे. कोण जाणार हे वाक्यात आणू नये.

तीन. प्रश्नचिन्ह आढळल्यास काढून टाकावे. प्रश्न आपोआप माहिती होतो.

चार. उद्गारचिन्हाच्या बाबतीत प्रथम भावना ठरवावी. दुःख, आनंद, आश्चर्य यांपैकी एक निवडावी. ‘संताप’ ही भावना मंजूर यादीत नाही. ती ‘आश्चर्य’ या सदराखाली घ्यावी.

पाच. शिव्या आल्यास ‘तक्रारदाराने आमच्या कुटुंबीयांची विचारपूस केली’ असे लिहावे.

नियमांचा गुण लगेच दिसला. पहिल्याच वर्षअखेर कक्षाच्या अहवालात नोंद झाली की खात्याकडे वर्तमानकाळातली एकही तक्रार शिल्लक नाही. गळणारी छपरं शंभर टक्के ‘गळत होती’ या सदरात गेली. तुंबलेली गटारं ‘तुंबली होती’. भाडेकरूंच्या समाधानाचं प्रमाण त्र्याण्णव टक्क्यांवर गेलं. (उरलेल्या सात टक्क्यांनी दुःखाने उद्गार काढले.) दुसरी खाती आमची पद्धत बघायला येऊ लागली. अग्निशामक दलाचे लोक तर वह्या घेऊन आले आणि जाताना सरांच्या पाया पडून गेले.

घरी मात्र या शास्त्राची कदर नव्हती. आमची ही एका सकाळी स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, गॅस संपलाय!”

मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, “गॅस संपला होता असं तू म्हणालीस.”

“होता काय, होता? होता तेव्हा चहा मिळत होता! आता संपलाय!”

‘तेव्हा संपला होता’ असं मी मनात दुरुस्त केलं आणि बिनचहाचा कार्यालयात गेलो. दोष तिचा नाही. ती दॅटसरांच्या शाळेत नव्हती.

अशा या सुरळीत कारभारात शिलाईवाल्या काकूंचं प्रकरण आलं.

काकू कपडे उसवून घट्ट-सैल करून देतात. माझ्या तीन पँटी त्यांनी कमरेत मोठ्या केल्या आहेत, आणि तेव्हा एका अक्षराने काही बोलल्या नाहीत, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. नवरा गेल्यापासून त्या सासूला घेऊन खात्याच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. खालचे सगळे मजले बंद गोदामाचे. गोदामातलं सामान तक्रार करत नसल्यामुळे त्या इमारतीकडे खात्याचं लक्ष जाण्याचं तसं काही कारण पडलं नव्हतं. सासूबाईंना सगळे आजी म्हणतात. आजींना मोतीबिंदू. समोर आलेलं माणूस त्या आवाजावरून ओळखतात, आणि ओळखलं नाही तरी बस म्हणतात.

काकू खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “आमचा जिना हलतोय हो. लाकडी जिना आहे, तो भिंतीपासून सुटायला लागलाय. हात जाईल एवढी फट पडलीय. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय, तारीख मिळालीय. त्यांना दिसत नाही, मी एकटी बाई, अशा जिन्यावरून कसं न्यायचं? कुणीतरी आज येऊन बघा ना.”

प्रकरण साधं होतं. मी लगेच रूपांतर केलं: ‘त्या म्हणाल्या की त्यांचा जिना हलत होता व तो भिंतीपासून सुटू लागला होता. हात जाईल एवढी फट पडलेली होती. सासूबाईंना ऑपरेशनला न्यायचे होते. अशा जिन्यावरून कसे न्यायचे होते, ही माहिती त्यांनी दिली. त्या दिवशी कोणीतरी तिथे जाऊन बघण्याची त्यांनी विनंती केली.’

कागद इंजिनिअरांकडे गेला. इंजिनिअर हा बारकाईने वाचणारा माणूस. त्यांनी शेरा मारला: ‘जिना पूर्वी हलत होता. सध्या हलत असल्याचा उल्लेख नाही. सासूबाईंना न्यायचे होते, त्यांना नेले असेलच. तो दिवस उलटून गेला आहे. दप्तरी दाखल.’

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. आजी काही खाली उतरल्या नाहीत. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली आणि बजावलं की आता लांबवू नका. काकू पुन्हा खिडकीशी.

“अहो, आत्तासुद्धा हलतोय तो! मी काय खोटं सांगते? अगं बाई, हे काय लिहिताय तुम्ही? हलत होता नाही, हलतोय! उद्या पडेल, मग धावाल का?”

हे वाक्य अवघड होतं, पण मी हरलो नाही. ‘जिना तेव्हासुद्धा हलत होता. आपण खोटे सांगत होतो काय, ही माहिती त्यांनी दिली. (खात्याकडे याबाबत स्वतंत्र पुरावा नाही.) त्यानंतर त्यांनी आश्चर्याने उद्गार काढले की तिथे एक बाई होती. (टायपिस्ट ताईंची बदली झाली असल्यामुळे तिथे दुसरी बाई नव्हती. तक्रारदार स्वतःविषयी बोलत असाव्यात.) जिना दुसऱ्या दिवशी पडणार होता असेही त्या म्हणाल्या.’

इंजिनिअरांचा शेरा आला: ‘दुसरा दिवस येऊन गेला. जिना पडला नाही. तक्रारदाराचे भाकीत खोटे ठरले आहे. समज द्यावी.’

समज द्यायला मीच गेलो, कारण पँट आणायची होती. त्या जिन्यावरून वर जाताना मी प्रत्येक पायरी आधी एका पायाने चाचपून बघितली हे कबूल करतो. पायरी पायाखाली चालत होती. वर आजी दाराशी बसल्या होत्या. “कोण? कारकून का?” त्या म्हणाल्या. “तुझी चाल ओळखते मी. बस बाबा. माझी सून म्हणते, तुमच्याकडे सगळं बोलणं धुऊन घेतात. मग माझं एक वाक्य धुऊन दे की. मला एकदा सुनेचं तोंड बघायचंय. लग्न होऊन आली तेव्हाच माझी नजर मंदावलेली. धड असं पाहिलंच नाही मी तिला.”

मला फार वाईट वाटलं. (हे प्रत्यक्ष कथन आहे. कृपया पुढे पाठवू नये.) मी पँट घेतली, काकूंना समज दिली आणि भिंतीला धरून खाली उतरलो.

काकू हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. कापड कमी पडलं तर उलट बाजूने बेतायची त्यांना सवय. पुढच्या वेळी त्या माझ्या खिडकीशी न येता थेट दॅटसरांच्या टेबलाशी गेल्या आणि खाली वाकून नमस्कार केला.

“सर, ओळखलंत का? मी तुमची विद्यार्थिनी. खिडकीजवळच्या बाकावर बसायची.”

“बस, बस. काय गं?”

“सर, एक शंका होती. ‘सूर्य पूर्वेला उगवतो,’ असं गुरुजी म्हणाले. याचं इनडायरेक्ट करताना ‘उगवत होता’ करायचं का हो?”

सर ताडकन उभे राहिले. “मुळीच नाही! अगं, ते युनिव्हर्सल ट्रुथ! त्रिकालाबाधित सत्य! त्याचा काळ बदलायचा नाही!”

“मग सर,” काकू सावकाश म्हणाल्या, “आमचा जिना हलतो. काल हलत होता, आज हलतो, आणि तुमच्या खात्याचा कारभार बघता पुढेही हलतच राहणार. हे कुठलं सत्य?”

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर त्यांनी हा अपवाद शिकवला होता, आणि आयुष्यभर मुलांनी सूर्याला ‘उगवत होता’ केलं होतं. “अपवाद लक्षात ठेवणारी तूच पहिली गं, पोरी,” ते म्हणाले. “तुझ्या जिन्याचा काळ बदलणार नाही. माझा शब्द आहे.”

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. वाक्य वर्तमानकाळात वर जाणार म्हणजे कोणीतरी खाली येऊन बघणार, एवढा साधा हिशेब आमच्या दोघांच्या मनात होता.

आणि खरोखरच सगळे बघायला गेले. त्रिकालाबाधित सत्य हे असं कोणाच्याही सांगण्यावरून मंजूर होत नाही, त्याची समिती नेमून पाहणी करावी लागते. साहेब, इंजिनिअर, दॅटसर आणि समितीचे सभासद त्या जिन्याखाली जमले. एकेक जण वर चढून आला. जिना साहेबांना हलला, इंजिनिअरांना हलला, सडपातळ सभासदाला हलला आणि जाड सभासदाला तर फारच हलला. हुद्दा, वजन, वय यांचा कोणताही भेदभाव त्याने केला नाही. “हेच तर सत्याचं लक्षण,” दॅटसर म्हणाले.

पावलांचा आवाज ऐकून आजी दाराशी आल्या. “आलात का रे बाबांनो? दुरुस्त करायला आलात?”

“नाही आजी,” साहेब अदबीने म्हणाले, “सत्य तपासायला.”

“बरं,” आजी म्हणाल्या. “ते झालं की जिना बघा.”

समितीने एकमताने शिफारस केली, आणि ‘जिना हलतो’ हे वाक्य काळ न बदलता मंजूर झालं. खात्याच्या इतिहासात वर्तमानकाळात वर गेलेलं हे पहिलंच वाक्य. ते फिरत फिरत दुरुस्तीसाठी इंजिनिअरांकडे आलं, तेव्हा इंजिनिअरांनी ते दोनदा वाचलं आणि लिहिलं: ‘सदर हलणे त्रिकालाबाधित सत्य असल्याचे सक्षम समितीने ठरविले आहे. त्रिकालाबाधित सत्यात दुरुस्ती करण्याची नियमांत तरतूद नाही. आज जिन्यात केली, तर उद्या सूर्याची दिशा बदलून मागतील.’

काकू यावर काय म्हणाल्या ते इथे देत नाही. नियम पाच लागू पडला.

पण एवढं मोठं सत्य नुसतं कागदावर ठेवणं बरं दिसेना. तेव्हा ते लोकांना कळावं म्हणून जिन्याच्या वरच्या वळणावर एक पाटी लावायचं ठरलं. सागवानी पाटी, पितळी अक्षरं: हा जिना हलतो. साहेब आले, आम्ही सगळे आलो, सुतार हातोडी घेऊन वर चढला.

“साहेब, इथे खिळा धरत नाही,” तो वरून म्हणाला. “लाकूड सुटलंय पार. ठोकलं तर—”

“त्याने काय म्हटलं?” साहेबांनी मला विचारलं.

“लाकूड सुटलं होतं असं तो म्हणाला, सर.”

“होतं ना? मग ठोक म्हणावं.”

सुताराने ठोकला. जिना आधी जरासा झुकला, मग भिंतीपासून बाजूला झाला आणि सबंधच्या सबंध खाली आला. धुरळा बसल्यावर दिसलं की सुतार लाकडांच्या ढिगावर पडला आहे आणि त्याच्या पोटावर पाटी आहे. पाटीला ओरखडासुद्धा नव्हता. (पडताना सुताराने ‘आई गं’ असे उद्गार काढले. ‘सुताराने आपल्या आईस हाक मारली, आई जवळपास नव्हती,’ अशी नोंद घेतली आहे. त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे.)

दॅटसर पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, वर अडकलेल्या माणसांच्या काळजीने. पण ते पाटीकडे बघत होते. “हा जिना हलतो, हे आता खोटं झालं,” ते पुटपुटले. “जिनाच नाही, तर हलणार काय? आता ‘हलत होता’ असंच म्हणावं लागेल.” मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात धरला. “अरे, म्हणजे तुझं पहिलं रूपांतर बरोबर होतं! एक अक्षर बदलायला नको!”

खरंच होतं. जे काकू तीनदा येऊन चुकीचं सांगत होत्या, ते आम्ही पहिल्याच दिवशी बरोबर लिहून ठेवलं होतं. खात्याने मला प्रशस्तिपत्र दिलं. इंजिनिअरांना त्यांच्या पहिल्या शेऱ्याबद्दल बढती मिळाली.

काकू आणि आजी वर होत्या. म्हणजे आहेत. काकू खिडकीतून ओरडल्या, “शिडी आणा! सासूबाईंना खाली घ्या! डॉक्टर म्हणालेत, आता लांबवलं तर डोळा हातचा जाईल!” गल्लीतल्या शिड्या पहिल्या मजल्यापलीकडे पोचेनात, म्हणून आम्ही ताबडतोब अग्निशामक दलाला कळवलं की शिडी पाठवण्याची विनंती करण्यात आली होती. दलाचं उत्तर तितक्याच तातडीने आलं: ‘विनंती करण्यात आली होती हे समजले. आग लागली होती काय? लागली असल्यास तेव्हाच विझली असेल.’ उत्तरातलं व्याकरण बघून दॅटसरांना भरून आलं. एका भेटीत लोक इतकं शिकतात.

सध्या काकू दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. लोक त्यात उसवायचे कपडे घालतात, कोणी दूध-भाजी घालतं. आमची ही रोज त्या खिडकीखाली जाते आणि आजींशी वर बघून मोठमोठ्याने बोलते. परवा ती तिथून तणतणत आली ती थेट कक्षात, सगळ्यांसमोर.

“अहो, त्या म्हातारीचा डोळा जातोय! ऐकताय का? जातोय! तुमचं होता-बिता काही सांगू नका मला! जातोय म्हणजे जातोय!”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण इतक्या वर्षांचा सराव वाया जात नाही. मी लिहिलं, ‘जात होता’.

शिडीचं कोणी विचारलंच तर आमच्याकडे उत्तर तयार आहे: शिडी येणार होती. आणि बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्यात या विषयाची चौकशी होते तेव्हा लोक काय म्हणतात, तेही मी मुद्दाम कान देऊन ऐकलं आहे. एवढे नियम, एवढा वर्ग, एवढा खडू खर्च करून आम्ही जे साधलं, ते लोक एका शब्दात साधतात. तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. जिना पडला म्हणे. म्हातारी वर अडकलीय म्हणे. तो वाक्याच्या शेवटी लावला की बोलणारा मोकळा, ऐकणारा मोकळा, आणि वाक्यही वाळून कोरडं ठणठणीत. मराठीत काळ बदलत नाही ही टायपिस्ट ताईंची हरकत, मी हा शब्द सांगितल्यावर, दॅटसरांनी मागे घेतली, म्हणजे ताईंच्या वतीने.

आता तुमच्यासाठी. काकू आणि आजी तिसऱ्या मजल्यावर आहेत. ‘आहेत’ हा शब्द मी नियम मोडून लिहिला आहे, तो तुमच्या हाती पडेपर्यंत टिकावा म्हणून. तुम्ही इथवर वाचलंत, मधे दोन-तीनदा हसलात, आजींचं सुनेचं तोंड बघायचं वाक्य आलं तेव्हा थोडं थांबलातही. आता संध्याकाळी कोणाला तरी हे सांगाल. तुम्ही काय सांगाल ते मी आधीच लिहून काढलं आणि दॅटसरांना तपासायला दिलं: ‘कुठेतरी एक बाई आणि तिची म्हातारी सासू वर अडकल्या होत्या म्हणे.’

सरांनी ते वाचलं. ‘इथे’चं ‘कुठेतरी’ झालेलं पाहिलं, ‘आहेत’चं ‘होत्या’ पाहिलं, शेवटच्या ‘म्हणे’वर बोट ठेवलं आणि पूर्ण गुण दिले.

“एकही चूक नाही,” ते म्हणाले. “कोणाचा विद्यार्थी हा? आपल्या वर्गात तर कधी दिसला नाही.”

मी तुमच्याकडे बोट दाखवलं.